सीटीपासून हातातल्या जबड्यापर्यंत: पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी थ्रीडी मॉडेल कसं तयार करावं

तंबाखू, मावा, गुटखा यांनी होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, तर त्या जागी पायातलं फिब्युलाचं हाड रक्तवाहिन्यांसकट आणून बसवतात आणि टायटॅनियमच्या प्लेटने धरून ठेवतात. प्लेट डब्यातून सरळ येते. तिला त्या रुग्णाच्या जबड्याचा बाक द्यावा लागतो. ऑपरेशन चालू असताना हे करायचं म्हणजे प्लेट हाडावर धरून पाहायची, काढायची, वाकवायची, पुन्हा धरायची. यात भुलीचा वेळ वाढतो. शिवाय टायटॅनियम एकाच जागी मागेपुढे वाकवलं की ते तिथे कमजोर होतं आणि पुढे चावण्याच्या ताणाखाली प्लेट नेमकी तिथेच मोडू शकते. गाठीने हाड बाहेर फुगलेलं असेल, तर प्लेट हाडावर नीट धरताच येत नाही.

हेच काम आदल्या संध्याकाळी टेबलावर, त्याच रुग्णाच्या जबड्याच्या प्लास्टिकच्या प्रतीवर करता येतं. अशी प्रत करण्याचं तंत्र कारखान्यांतून आलं. साचा पाडण्याआधी वस्तूचा नमुना थरावर थर चढवून झटपट बनवायचा, म्हणून त्याला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात. चार्ल्स हल यांच्या स्टिरिओलिथोग्राफीला १९८६ साली पेटंट मिळालं, आणि काही वर्षांतच कवटीची मॉडेल करायला डॉक्टरांनी ते उचललं. आता टेबलावर मावणारा प्रिंटर सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतही चालतो, त्यामुळे साध्या जबड्याच्या मॉडेलसाठी फाइल पुण्या-मुंबईला पाठवायची गरज नाही.

पुढचा बराचसा मजकूर खालच्या जबड्याबद्दल आहे. आपल्याकडे त्याची गरज सगळ्यात जास्त पडते, आणि त्यात हात बसला की डोळ्याची खोबण, कवटी, कान ही कामं त्याच वाटेने जातात.

सीटी मागवताना

मॉडेल चुकतं तेव्हा लोक प्रिंटरला दोष देतात. दोष बहुतेक वेळा सीटीत असतो. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: ग्राफ कागदावर नक्षीचा एक चौकोन चुकला, तर माग कितीही चांगला असला तरी ती चूक चादरीत उतरतेच. सीटीच्या चकत्या, म्हणजे शरीराच्या पातळ कापांची चित्रं, हाच आपला ग्राफ.

म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी फेस’ लिहू नका. असं लिहा: चकतीची जाडी ०.६२५ मिमी, फार तर १ मिमी. चकत्यांमधलं अंतर जाडीइतकं किंवा त्याहून कमी. गँट्रीचा (सीटी मशीनच्या कड्याचा) कल शून्य. चौकट (चित्रात येणाऱ्या भागाची रुंदी) २०० मिमीपर्यंत. सॉफ्ट टिश्यू कर्नल (कर्नल म्हणजे कच्च्या डेटातून चित्र घडवण्याची रीत). दोन्ही कॉन्डाइल (जबड्याची कानाजवळच्या सांध्यातली टोकं) आणि हनुवटीची खालची कड पूर्ण आलेली. डेटा डायकॉममध्ये (सीटीच्या मूळ फाइलींचा प्रकार) सीडीवर.

यातल्या प्रत्येक अटीला कारण आहे. चकती ३ किंवा ५ मिमीची असली की मॉडेलवर घाटाच्या पायऱ्यांसारखे टप्पे येतात आणि प्लेट टप्प्यावर टेकते, हाडावर नाही. चौकटीचं गणित सोपं आहे. सीटीचं चित्र ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचं असतं. चौकट २०० मिमी असेल तर एक ठिपका ०.३९ मिमीचा; मान आणि खांदे घेऊन ती ३५० मिमी केली तर ०.६८ मिमीचा. कर्नलबाबत मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. हाडाचं मॉडेल म्हणून बोन कर्नल मागितला जातो. तो फिल्मवर बघायला छान, पण कडा मुद्दाम ठळक करतो आणि ठिपके-ठिपके वाढवतो, त्यामुळे मॉडेलचा पृष्ठभाग खरखरीत होतो. दोन्ही मिळाले तर उत्तम. एकच मिळणार असेल तर सॉफ्ट घ्या.

सीटी सेंटरला अजून एक गोष्ट त्याच दिवशी फोन करून सांगायची. मशीनवर कच्चा डेटा काही दिवसच राहतो, नंतर पुसला जातो. तपासणी जाड चकत्यांनी छापली असली, तरी कच्चा डेटा आहे तोवर त्यातून पातळ चकत्या पुन्हा काढून मिळतात. आठवड्याने आठवण झाली तर रुग्णाला पुन्हा मशीनमध्ये घालावं लागतं. फिल्म आणि रिपोर्ट म्हणजे सीटी नव्हे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो तर नव्हेच.

तंत्रज्ञाला सांगायच्या गोष्टी: कवळी, नथ, कानातलं, मंगळसूत्र काढून ठेवणे. वरचे-खालचे दात एकमेकांना टेकू न देणे, नाहीतर सेगमेंटेशनमध्ये, म्हणजे संगणकावर हाड वेगळं काढताना, दोन्ही जबडे चिकटून एकच गोळा होतो. दातांमध्ये कापसाची गुंडाळी पुरते. मावा खाऊन तोंड उघडणं कमी झालेल्या रुग्णात गुंडाळी जात नाही, तिथे जीभ दाबायची लाकडी पट्टी आडवी सरकवा, दीड-दोन मिमीची फटही कामी येते. तोंड फार उघडायला लावू नका, कारण मग कॉन्डाइल खोबणीतून पुढे सरकतो. तपासणी चालू असताना गिळायचं नाही, हे रुग्णाच्या भाषेत सांगा. सोलापुरात ती भाषा मराठी असेल, कन्नड असेल किंवा तेलुगू; ज्याला येते त्याने सांगावं. एका घोटाने जबडा दोन ठिकाणी दिसतो आणि तो बिघाड कुठल्याच सॉफ्टवेअरने निघत नाही.

दातांत धातूच्या कॅप किंवा फिलिंग असेल तर चित्रात सूर्यकिरणांसारख्या रेघा येतात. दातांची चावण्याची पातळी चकतीला समांतर ठेवली तर त्या रेघा मोजक्या चकत्यांतच राहतात.

फिब्युला घ्यायचा असेल तर दोन्ही पायांची सीटी अँजिओग्राफी लागतेच, तीही १ मिमीने. तिथे हाडाच्या आकारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पायाला रक्त किती वाटांनी जातं. काही माणसांत पावलाचा पुरवठा मुख्यतः फिब्युलाबरोबर उचलल्या जाणाऱ्या पेरोनियल धमनीवरच असतो. अशा पायातला फिब्युला उचलला तर पाऊल धोक्यात येतं.

गाठीच्या रुग्णात तीन-चार आठवड्यांपेक्षा जुन्या सीटीवर मॉडेल करू नका.

फाइल तयार करताना

सीटीवरून थ्रीडी आकार काढणारी थ्रीडी स्लायसर आणि इनव्हेसॅलियस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. इनव्हेसॅलियस ब्राझीलच्या सरकारी संशोधन केंद्रात याच कामासाठी घडलं. स्लायसर स्वतःला संशोधनाचं साधन म्हणवतं, वैद्यकीय उपकरण म्हणून त्याला मान्यता नाही; तेव्हा त्यातून निघालेल्या प्रत्येक आकाराची जबाबदारी बघणाऱ्या सर्जनची. १६ जीबी रॅमचा संगणक आणि चांगला माउस एवढं पुरतं.

पहिल्यांदा रुग्णाचं नाव काढा. डायकॉम फाइलमध्ये नाव, वय, जन्मतारीख सगळं शिवलेलं असतं. प्रयोगशाळेत किंवा छपाई करणाऱ्याकडे फाइल जाताना त्यावर फक्त आकडी खूण असावी, आणि खूण कोणाची ते लिहिलेली वही दवाखान्यातच राहावी.

मग स्लायसरच्या सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे किती घनतेपासून वरचं हाड धरायचं तो आकडा, लावा. हाडासाठी २२६ हौन्सफील्ड युनिटपासून (सीटीतलं घनतेचं माप) वर, ही रूढ सुरुवात. ही दगडावरची रेघ नाही. आकडा ४०० केला की पातळ हाड गळतं आणि खोटी भोकं दिसतात. १०० केला की मऊ भाग हाडाला चिकटून जबडा जाड होतो. म्हातारा, दात गेलेला, हाडं विरळ झालेला रुग्ण असेल तर आकडा खाली आणावा लागतो. कॉन्ट्रास्ट दिलेला असेल तर रक्तवाहिन्याही हाडाबरोबर उजळून येतात, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

यानंतर सुटे तुकडे काढा, डोकं टेकवायची उशी काढा. कॉन्डाइल कवटीपासून सोडवणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. सांध्यातली फट जेमतेम दोन मिमीची असते आणि थ्रेशोल्डने ती बुजते, त्यामुळे तिथे चकती-चकतीने हाताने पुसावं लागतं. धातूच्या रेघाही तशाच हाताने. जबड्याला पहिल्यांदा दोन-तीन तास लागतात. दहा जबडे झाल्यावर तासाभरात होतो.

स्मूदिंगचा मोह आवरा. मीडियन फिल्टर १ ते १.५ मिमीपर्यंत ठीक. त्यापुढे मॉडेल गुळगुळीत आणि देखणं दिसतं, पण दात झिजतात, कडा आत जातात, मेंटल फोरामेन, म्हणजे हनुवटीची संवेदना नेणारी नस बाहेर पडण्याचं भोक, बुजतं. ते भोक बुजलं की प्लेटचा स्क्रू नसेच्या वाटेत जाण्याचा धोका मॉडेलवर दिसेनासा होतो.

शेवटी तयार आकाराची बाह्यरेषा मूळ सीटीवर ठेवून तिन्ही दिशांनी चकत्या सरकवून पाहा. रेषा हाडाच्या कडेवर आहे की आत-बाहेर, हे सर्जनने स्वतः बसून बघायचं. ही वीस मिनिटं वाचवू नका.

एसटीएल, म्हणजे प्रिंटरला द्यायची थ्रीडी आकाराची फाइल, काढताना दोन सापळे आहेत. एक, एसटीएलमध्ये मापाचं एकक नसतं, नुसते आकडे असतात. मिमीचे इंच झाले तर लगेच दिसतं, कारण जबडा पंचवीस पट होतो. पण प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने ‘बेडवर बसवतो’ म्हणून दोन टक्के लहान केला तर डोळ्याला कळत नाही, आणि १२० मिमीच्या जबड्यात तो २.४ मिमीचा फरक असतो. दुसरा सापळा डाव्या-उजव्याचा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना अक्षांची दिशा उलटू शकते आणि आरशातला जबडा छापून येतो. जबडा बराचसा सममित असल्याने चूक सहज निसटते. म्हणून छपाईआधी मॉडेलवर आतल्या बाजूला ‘डा’ आणि ‘उ’ ही अक्षरं कोरा, आणि तीही सीटी समोर ठेवून, गाठ कुठल्या बाजूला आहे ते बघून. एखादा पडलेला दात किंवा कॅप खुणेसाठी धरा: सीटीत ती डावीकडे असेल तर मॉडेलवरही डावीकडेच हवी.

गाठीने फुगलेला भाग फाइलमध्येच तासून काढा, किंवा निरोगी बाजू आरशात उलटवून तिथे बसवा. दोन्ही प्रती छापून ठेवाव्यात: एक आहे तशी, समजण्यासाठी आणि घरच्यांना दाखवण्यासाठी, दुसरी दुरुस्त केलेली, प्लेट वाकवण्यासाठी. तुकडा काढल्यानंतरचं मॉडेल हवं असेल तर दोन टोकं आपापल्या जागी राहायला त्यांना जोडणारा ६ ते ८ मिमी जाडीचा दांडा फाइलमध्ये घाला. तो जिभेच्या बाजूने घाला, प्लेटच्या बाजूने नको.

छपाई

जबड्यासाठी साधा फिलामेंट (प्लास्टिकचा धागा) वितळवणारा प्रिंटर आणि पीएलए हे प्लास्टिक पुरेसं आहे. एबीएस चिवट असतं, पण थंड होताना आकसतं आणि कोपरे उचलतं. मापासाठी पीएलएच बरं. नोझल ०.४ मिमी, थर ०.२ मिमी, नोझलचं तापमान २०० ते २१० अंश, बेड ६० अंश, भिंती चार, इनफिल (आतल्या जाळीचा भराव) २५ ते ३० टक्के. शोभेच्या वस्तूला १० टक्के इनफिल चालतो. इथे पक्कडीचा आणि अंगठ्याचा दाब पडणार असतो.

मॉडेल बेडवर कसं ठेवायचं, हे छापणाऱ्याला नेमकं सांगा, कारण त्याला माहीत असायचं कारण नाही. प्लेट बाहेरच्या बाजूने, खालच्या कडेलगत बसते. त्या पृष्ठभागावर सपोर्टचे, म्हणजे छपाईत लोंबत्या भागांखाली उभारलेल्या टेकूंचे, व्रण नकोत. दात खाली आणि जबड्याची खालची कड वर असं ठेवा, म्हणजे सपोर्ट दातांवर आणि आतल्या बाजूला येतात. ऑर्डरसोबत एका कागदावर जबड्याची आकृती काढून ‘इथे सपोर्ट नको’ असं लिहून द्या. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत काम केलेल्या टूलरूमच्या माणसाला टॉलरन्सची भाषा चांगली कळते. कुठला पृष्ठभाग महत्त्वाचा आणि किती फरक चालेल एवढं सांगितलं की तो पुढचं बघतो.

एका जबड्याला साधारण पाच ते आठ तास आणि ४० ते ६० ग्रॅम फिलामेंट लागतं. म्हणजे एका किलोच्या रिळात पंधरा-वीस जबडे. खरा खर्च सामानाचा नाहीच, सेगमेंटेशनला बसणाऱ्या माणसाच्या वेळेचा आहे.

सोलापूरच्या हवेने तीन गोष्टी ठरतात. वीज गेली की छपाई अर्ध्यात थांबते आणि पुन्हा सुरू केल्यावर त्या थराला पायरी पडते, तेव्हा प्रिंटर यूपीएसवर हवा. पावसाळ्यात फिलामेंट दमट होतं. नोझलमधून चटचट आवाज येतो, धाग्याचे केस लोंबतात. रीळ ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवून घ्यावं आणि सिलिका जेलसोबत झाकणाच्या डब्यात ठेवावं. आणि मे महिना. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बाहेर ४२-४३ अंश असताना उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड त्याच्याही वर जातो. तिथे तासभर राहिलेला जबडा दिसायला ठीक वाटतो, पण दोन कोनांमधलं अंतर बदललेलं असतं. मॉडेल थर्मोकोलच्या डब्यात घालून न्या आणि गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

मॉडेल हातात आलं की व्हर्नियर कॅलिपर काढा. दोन कॉन्डाइलमधलं अंतर, दोन कोनांमधलं अंतर, हनुवटीची उंची ही तीन मापं सॉफ्टवेअरमध्ये मोजून वहीत लिहिलेली असावीत. मॉडेलवर तीच मोजा. फरक अर्ध्या मिमीच्या आत असेल तर चांगलं. एक मिमीला पोचला तर मॉडेल बाद, कारण शोधा आणि पुन्हा छापा.

प्लेट वाकवणं

आदल्या दिवशी मॉडेलवर कापायच्या रेषा मार्करने आखा. ज्याला कापायचं आहे त्यानेच आखाव्यात. कॅन्सरमध्ये सुरक्षित कडा किती सोडायची हे मॉडेल सांगत नाही. ते क्लिनिकल तपासणी, एमआरआय आणि बायोप्सीवरून ठरतं. मॉडेलला गाल, जीभ, त्वचा, लसिकाग्रंथी यांतलं काही माहीत नाही.

प्लेटची लांबी अशी घ्या की दोन्ही टोकांना निरोगी हाडात किमान तीन-तीन स्क्रू बसतील. लॉकिंग प्लेट (जिच्या भोकांतल्या आट्यात स्क्रूचं डोकं अडकतं) असेल तर वाकवण्याआधी भोकांत बेंडिंग इन्सर्ट बसवा. नाहीतर भोक लंबगोल होतं आणि स्क्रूचा आटा लागत नाही. हनुवटीच्या बाकापासून सुरू करून एकेका बाजूने मागे जाणं सोयीचं. थोडं वाकवा, लावून पाहा, पुन्हा थोडं वाकवा. जास्त वाकलं म्हणून उलट वाकवायची वेळ आली तर ती जागा लक्षात ठेवा, आणि एकाच जागी दोनदा असं झालं तर प्लेट बदला. लॉकिंग प्लेट हाडाला सगळीकडे घट्ट टेकलीच पाहिजे असं नाही, एखाद्या मिमीची फट चालते. पण जिथे ती बाहेर उभी राहील तिथे पुढे रेडिएशननंतर त्वचा पातळ होऊन प्लेट उघडी पडते, म्हणून हनुवटीपाशी ती हाडाला लागूनच बसवा.

स्क्रूची भोकं मॉडेलवर पाडून स्क्रूची लांबी मोजून ठेवता येते. ड्रिल हळू फिरवा, पीएलए वितळून बिटला चिकटतं.

प्लेट पूर्ण झाली की धुऊन सीएसएसडीकडे (दवाखान्याच्या निर्जंतुकीकरण विभागाकडे) द्या, नेहमीच्या इम्प्लांटसारखी ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होऊ द्या. मॉडेल निर्जंतुक करण्याची इथे गरजच पडत नाही. या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

तरी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मॉडेल समोर हवं असतं. पीएलए १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की जबड्याची पोळी होते. ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा ही कमी तापमानाची साधनं आहेत, पण छापलेल्या मॉडेलच्या थरांमध्ये फटी असतात आणि आत पोकळ जाळी असते. तिथपर्यंत वायू पोचला याची खात्री देता येत नाही. द्रावणात बुडवून ठेवणं तर त्याहून कच्चं. सगळ्यात साधा उपाय: मॉडेल निर्जंतुक पारदर्शक पिशवीत सरकवून तोंड बांधा आणि ट्रॉलीवर ठेवा. बघता येतं, वळवता येतं, जखमेला लागत नाही.

फिब्युलाचे कटिंग गाइड

हा पुढचा टप्पा: फिब्युला कुठे आणि कुठल्या कोनात कापायचा ते दाखवणारा, करवतीसाठी फटी असलेला साचा. प्लेटची वीस-तीस मॉडेल झाल्याशिवाय इथे येऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. गाइड शरीराच्या आत हाडाला लागतो, म्हणून तो पीएलएचा चालत नाही. सर्जिकल गाइडसाठी प्रमाणित केलेलं रेझिन हवं, ते रेझिनच्या प्रिंटरवर छापायचं, निर्मात्याने सांगितलेल्या वेळेनुसार आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, प्रकाशात पक्कं करायचं आणि मगच ऑटोक्लेव्ह. यातली एक पायरी आखूड केली तर कच्चं रेझिन आत शिल्लक राहतं.

घोट्याच्या बाजूला ६ ते ८ सेंमी हाड सोडायचं, नाहीतर घोटा डगमगतो. वर गुडघ्याकडेही साधारण तेवढंच, तिथे कॉमन पेरोनियल नस (मज्जातंतू) वळसा घालते. मधला प्रत्येक तुकडा दोन-अडीच सेंमीपेक्षा लहान नको. तुकड्याला रक्त पेरिऑस्टियममधून, म्हणजे हाडावरच्या आवरणातून, मिळतं, आणि फार लहान तुकड्यावर ते टिकत नाही. गाइडच्या फटीची रुंदी ठरवण्याआधी आपल्या ओटीतल्या करवतीचं पातं व्हर्नियरने मोजा आणि त्यात ०.२ मिमी मिळवा. फट सैल असेल तर पातं तिरकं जातं, घट्ट असेल तर घासून गाइडचा भुगा जखमेत पडतो. गाइड संगणकात उघड्या हाडावर आखलेला असतो, पण प्रत्यक्षात हाडावर पेरिऑस्टियम आणि स्नायूचा पातळ थर ठेवलेला असतो. त्यासाठी आत साधारण १ मिमीची मोकळीक ठेवा. मागच्या कडेने त्वचेला जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, तिथे गाइडचं बूड येऊ देऊ नका.

आणि फ्रोझन सेक्शनमध्ये, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच्या झटपट तपासणीत, कापलेल्या कडेला कॅन्सर निघाला तर? सेंटिमीटरभर जास्त कापावं लागतं आणि सुंदर आखलेला गाइड निरुपयोगी होतो. म्हणून एक सेंटिमीटर पुढचा दुसरा गाइड आधीच छापून ठेवा, आणि गाइडशिवाय हाताने आकार देण्याची तयारीही ठेवा. ज्याला हाताने येत नाही त्याने गाइडवर विसंबू नये. नियोजनासाठी फाइल बाहेर पाठवून तीन आठवडे वाट बघणं हाही घाट्याचाच व्यवहार. गाठ तेवढे दिवस थांबत नाही.

डोळ्याची खोबण, कवटी, कान

दुचाकीच्या अपघातात डोळ्याच्या खोबणीचा तळ फुटला असेल, तर निरोगी बाजू उलटवून केलेल्या मॉडेलवर टायटॅनियमची जाळी आधी वाकवून घेता येते. अडचण एकच: तळाचं हाड इतकं पातळ असतं की थ्रेशोल्डमध्ये ते नाहीसं होतं आणि मॉडेलवर भोकं पडतात. ती हाताने, चकती-चकतीने भरा. थर ०.१ मिमी ठेवा. उलटवण्याचा मध्य नाकाच्या टोकावरून घेऊ नका, नाक बहुतेकांचं थोडं वाकडं असतं. कवटीच्या तळाच्या मध्यरेषेवरच्या हाडाच्या खुणांवरून घ्या.

कवटीच्या भगदाडासाठी बोन सिमेंटचा पत्रा आपल्याकडे परवडतो. पत्र्याचा आकार संगणकात तयार करून पीएलएत छापा, त्यावरून सिलिकॉनचा दोन भागांचा साचा पाडा, आणि तो साचा ऑटोक्लेव्ह करा. सिमेंट थेट पीएलएच्या साच्यात ओतू नका: घट्ट होताना ते इतकं तापतं की साचा मऊ पडतो. याच उष्णतेमुळे ते मेंदूवर जागच्या जागी घडवण्यापेक्षा बाहेर घडवणं चांगलं. पत्रा ४ ते ५ मिमी जाड, भगदाडापेक्षा सगळीकडून जेमतेम १ मिमी लहान, आणि खालचा द्रव साचू नये म्हणून २-३ मिमीची भोकं. पूर्ण घट्ट आणि थंड झाल्यावर सलाइनने भरपूर धुवा.

जन्मतः कान नसलेल्या मुलात दुसऱ्या बाजूचा कान उलटवून छापला, तर बरगडीची कूर्चा कोरताना समोर नमुना राहतो. छापलेला कान जसाच्या तसा नकलू नका. वर त्वचेची जाडी येणार आहे, तेव्हा सांगाडा सगळीकडून दीड-दोन मिमी लहान हवा, आणि कडा आणि खोलगट भाग खऱ्यापेक्षा ठळक हवेत. शिकणाऱ्या डॉक्टरांनी आधी गाजरावर आणि बटाट्यावर कोरून हात बसवावा.

नमुना आधी करून मग कातडी कापण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. टिपूच्या कैदेत नाक कापल्या गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक पुण्याजवळ कपाळाच्या कातडीतून कसं घडवलं, याचं वर्णन १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं. त्यात मेणाची पातळ पट्टी आधी नाकाच्या बुंध्यावर बसवून घडवली, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्याभोवती रेघ मारली. आजही नाकाच्या फ्लॅपसाठी (रक्तपुरवठ्यासकट वळवलेल्या कातडीसाठी) हेच करायचं: उरलेल्या नाकाचं मॉडेल छापा, त्यावर टाक्याच्या पाकिटाचा फॉइल दाबून आकार घ्या, फॉइल सपाट करा, कपाळावर आखा. आतल्या अस्तरासाठी आणि आकसण्यासाठी किती मिळवायचं हे सर्जनने ठरवायचं.

कायदा, संमती आणि नंतरचा सीटी

टेबलावर बघायचं मॉडेल आणि शरीरात राहणारी वस्तू यांत सीमा स्पष्ट ठेवा. शरीरात राहणारं छापील इम्प्लांट वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतं; ते परवानाधारक उत्पादकाकडूनच घ्यायचं, प्रयोगशाळेतल्या प्रिंटरवर छापायचं नाही. संमतीपत्रात मॉडेल केलं आहे, ते कशासाठी, आणि ऑपरेशनमध्ये बेत बदलू शकतो, हे लिहा. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा इंडीहून आलेल्या माणसाला सीटीची फिल्म कळत नाही, पण स्वतःचा जबडा हातात दिला की कुठून कापणार, काय लावणार हे तो स्वतः बोट ठेवून विचारतो. संमती घ्यायची ती तेव्हा घ्या.

ऑपरेशननंतरचा सीटी पहिल्यासारख्याच मापांनी करा. त्यातलं हाड आणि प्लेट आधीच्या बेतावर ठेवून तीन ठिकाणी फरक मोजा: दोन कॉन्डाइल आणि हनुवटी. आकडे वहीत लिहा, शेजारी सीटीची जाडी, थ्रेशोल्ड, स्मूदिंग आणि कोणी सेगमेंट केलं तेही. कॉन्डाइलचा फरक सतत एकाच दिशेला दिसत असेल तर प्लेट वाकवताना जबडा रुंद किंवा अरुंद होतोय. फरक दर वेळी वेगळ्या दिशेला असेल तर सांध्यापाशी पुसण्याच्या कामात गडबड आहे, आणि पुढच्या रुग्णाच्या वेळी तिथे दुसऱ्या कोणीतरी नजर टाकायची.